दोघा भावांचा फाळका

गल्लीत त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं. चहात साखर घालतानासुद्धा जो माणूस चमचा बोटाने सपाट करून घेतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? वय अडुसष्ट, डोळ्यांवर जाड चष्मा, शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि पँटच्या खिशात टेप. आंघोळीला जाताना तेवढा टेप बाहेर राहत असेल, बाकी वेळ नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची पिकअप उभी होती. मोजपट्टीच्या तरुणपणीही ती जुनीच होती, आता तर तिच्या वयाच्या गाड्या भंगारातसुद्धा सापडत नाहीत. गोल दिवे, फुगीर गाल, पुढच्या काचेच्या मधोमध उभी पट्टी. बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्याने हिच्यावरची ताडपत्री काढली. मूलबाळ नव्हतं. नोकरीतून मोकळा झालेला. घरात बोलायला कोणी नाही, आणि भिंतींशी बोललं तर लोक वेड्यात काढतात. गाडीशी बोललं तर म्हणतात, छंद आहे. तेव्हा नऊ वर्षं तो गाडीशी बोलला.

नुसता बोलला नाही हो, हाडं मोडेपर्यंत राबला. इंजिन उतरवलं, उघडलं, पुन्हा भरलं, पुन्हा उतरवलं. एका दिव्याच्या कड्यासाठी तीन वर्षं भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले. वरून रंगाचे चार थर होते, खरा रंग कुठला ते कळेना. मग डॅशबोर्डमागे हात घातला तेव्हा तळहाताएवढा मूळ हिरवा सापडला, कोणी न पाहिलेला. त्या दिवशी तो एकटाच शेडमध्ये हसला आणि हसून झाल्यावर इकडेतिकडे बघत बसला. सांगायचं कोणाला? मग वहीत लिहिलं. प्रत्येक माप, प्रत्येक तारीख, प्रत्येक स्क्रू वहीत. अशा सात वह्या झाल्या होत्या.

एवढं सगळं झालं आणि गाडी मागून बोडकी. मागे माल ठेवायच्या हौद्याला जे दार असतं, त्याला फाळका म्हणतात. तो फाळकाच नव्हता.

शेजारच्या वेल्डरला हे बघवत नसे. "काका, सकाळी माप द्या, संध्याकाळी फाळका घेऊन जा. दोन पत्रे, चार पट्ट्या. त्यात काय आहे?"

"बघू."

"नऊ वर्षं बघताय. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा आहे मैदानावर. अशी उघडी गाडी नेणार?"

"बघू म्हटलं ना!" मोजपट्टी खेकसला आणि लगेच त्याला वाईट वाटलं, कारण दिवसभरात त्याच्याशी बोलणारा तो एकच माणूस होता.

फाळका होता. कुठे होता हेही ठाऊक होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या भावाच्या घरी. अकरा किलोमीटर आणि तीनशे मीटर. मोजपट्टीने ते अंतर कितीदा तरी मोजलं होतं, सायकलवरून, बसमधून, एकदा तर पायी. दर वेळी शेवटच्या वळणावरून तो परत फिरला होता.

दोघा भावांनी मिळून ही पिकअप घेतली आणि लोकांचं घरसामान हलवायचा धंदा सुरू केला. वडील पाट्या रंगवायचे. त्यांनी फाळक्यावर लाल अक्षरांत लिहून दिलं, 'दोघे भाऊ'. बस, तेवढंच. गिऱ्हाईकं म्हणायची, दोघे भाऊ बोलवा, कपाट हलवायचंय. वीस-बावीस वर्षं बरं चाललं. थोरला मापं घ्यायचा, पलंग दारातून कसा काढायचा ते सांगायचा. धाकटा दोर बांधायचा. त्याच्या गाठी बघायला रस्त्यातले लोक थांबायचे.

आणि एक दिवस आरशाचं कपाट पोचवताना आरसा फुटला. गिऱ्हाईक बाई दारात उभी राहून संतापली होती. हमाल होते, शेजारीपाजारी होते. सगळ्यांच्या देखत थोरला म्हणाला, "दोर याने बांधला होता. याला साधी गाठ मारता येत नाही." एवढंच वाक्य. धाकट्याचा चेहरा एकदम उतरला. संध्याकाळी हिशेब मिटवताना म्हणाला, "गाडी तू ठेव. फाळका माझा." दोन खिट्ट्या काढल्या, फाळका खांद्यावर घेतला आणि चालता झाला. पुढे धंदा राहिला नाही. थोरला एका गोदामात नोकरीला लागला आणि गाडीवर ताडपत्री पडली.

त्याला बावीस वर्षं झाली. मधे धाकटा एकदाच दिसला, मोजपट्टीची बायको गेली तेव्हा. मागे उभा होता, डोळे पुसत. मोजपट्टी गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो निघून गेला होता. नवा फाळका करून घेतला असता तर गाडी पुरी झाली असती, पण मग धाकट्याला बोलवायला कारण उरलं नसतं. हे तो वेल्डरला कसं सांगणार? स्वतःलाही त्याने ते कधी धडपणे सांगितलं नव्हतं.

मेळाव्याचं निमित्त मात्र बरं होतं. सोमवारी त्याने फोन लावला. भावजयीने उचलला.

"कोण?"

"मी."

"भाऊजी?" आणि पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. बऱ्याच वेळाने धाकटा आला. "बोल."

मोजपट्टीला म्हणायचं होतं, ये रे एकदा. पण तोंडातून आलं ते, "रविवारी गाडीचा मेळावा आहे. फाळका हवाय."

"बावीस वर्षांनी फोन केलास तो फाळक्यासाठी?"

"मेळाव्यात गाडी पुरी लागते."

"बघतो," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला. मोजपट्टीने स्वतःला पोटभर शिव्या दिल्या.

पण शुक्रवारी भावजयीचा फोन आला, उद्या अकराला येतायत म्हणून. मग काय विचारता! शनिवारी पहाटेपासून शेड झाडणं सुरू. कपाटातला दुसरा कप काढला, धुतला, पुन्हा धुतला. दुसरी खुर्ची आणली, आणि ती गाडीच्या डावीकडे ठेवावी की उजवीकडे यात अर्धा तास गेला. फार जवळ ठेवली तर लगट वाटेल, फार लांब ठेवली तर परकेपणा. शेवटी चार फुटांवर ठेवली. मोजून.

धाकटा जावयाच्या गाडीतून आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, डावा पाय किंचित ओढत. टपावर फाळका होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला. मोजपट्टीची नजर भावाच्या आधी दोरावर गेली. चार कोपऱ्यांना चार फेरे, मधे फास, फासावर गाठ. अकरा किलोमीटर येऊनही सूतभर ढळलेली नव्हती. गाठ अजून तशीच मारतोस, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "चहा ओतलाय, घेणार?"

"आधी हे उतरव."

चादर काढली. लाल अक्षरं थोडी फिकी झाली होती, पण एकही टवका उडालेला नव्हता. बिजागऱ्यांना ग्रीस होतं, आणि ते ताजं होतं. पण नुसतं कालचं नव्हे, बोटाने पुसलं तर खाली आणखी जुने थर लागले. बावीस वर्षं हा माणूस घरात ठेवलेल्या बिनगाडीच्या फाळक्याला ग्रीस लावत होता.

धाकटा गाडीभोवती फिरला. हिरव्या रंगावरून हात फिरवला, दिव्याच्या कड्यापाशी वाकला. "मस्त केलीस," तो म्हणाला. "नवी असताना अशी नसेल." बावीस वर्षांत मोजपट्टीला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दोघांनी फाळका उचलला. खालच्या खिट्ट्या अलगद बसल्या. फाळका वर उभा केला. उजवी कडी टक्कन लागली. डावी लागेना. कडीचं टोक हवेतच. वरच्या कोपऱ्यात चांगली बोटभर फट.

"ढकल जरा."

"ढकलतोय."

"वर उचलून ढकल."

"अरे, उचलून ढकलतोय!"

झालं. मोजपट्टीचा हात खिशात गेला, टेप बाहेर आला. वरून मोजलं, खालून मोजलं. आणि त्याच्या तोंडून जे निघायला नको होतं तेच निघालं. "फाळक्यात चूक आहे. डावीकडे सहा सूत कमी आहे. पाऊण इंच."

धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला. "कमी असणारच. आपणच नाही का घासला?"

आणि मोजपट्टीला आठवलं. विसरला होता असं नाही, पण या दिशेने आठवलं नव्हतं. धाकटा एकोणीस वर्षांचा, नुकताच गाडी चालवायला शिकलेला. एका गोदामात मागे घेताना त्याने हौदा थेट खांबावर घातला. हौद्याचा डावा कोपरा आत गेला आणि फाळका लागेना. वडील चारला येणार. घरात कानस एकच. दोघे भर दुपारी अंगणात बसले आणि आळीपाळीने फाळक्याची कड घासत राहिले, प्रत्येकी वीस हात. धाकटा मोजताना नऊनंतर एकदम तेरा म्हणायचा. थोरला म्हणायचा, "लबाडा, परत मोज!" हसून हसून दोघांच्या पोटात दुखलं होतं. चारच्या आत वाकड्या हौद्याला वाकडा फाळका घट्ट बसला. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"कोपरा सरळ केलास?" धाकट्याने विचारलं.

"चौथ्या वर्षी. तीन महिने लागले. दोन्ही कर्ण सारखे आले, एका सुताचाही फरक नाही." सवयीने त्याच्या आवाजात फुशारकी आली होती. वाक्य संपेपर्यंत ती विरून गेली.

"म्हणजे या गाडीत माझ्या हातचं जेवढं होतं, तेवढं काढून टाकलंस."

"तसं नाही रे."

"तसंच आहे, दादा. तुला चूक कोणाची ते नेहमी सापडतं." धाकट्याने खिट्ट्या काढल्या, फाळका चादरीत गुंडाळला. गाठ पहिल्या खेपेला बसली. "नवा करून घे. सरळ गाडीला सरळ फाळका शोभेल."

जावयाची गाडी गेली. चहा तसाच राहिला. दोन कप, दोन्ही भरलेले, वर साय धरलेली. मोजपट्टी चार फुटांवरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. बायको गेल्यावर घर रिकामं झालं होतं, पण त्यात त्याचा दोष नव्हता. हे रिकामपण त्याने स्वतः मापात बसवून तयार केलं होतं.

तीनच्या सुमाराला वेल्डर डोकावला. "बसला का?"

"नाही."

"मग द्या ना माप! आत्ता लागतो कामाला, उद्या सकाळी रंगासकट तयार."

मोजपट्टी उठला. नाहीतरी आता राखून ठेवायला काय उरलं होतं? त्याने मापासाठी तिसरी वही काढली, चौथ्या वर्षाची, आणि पानं उलटली. पेन्सिलीचं स्वतःचंच सुबक अक्षर. 'हौद्याचं मागचं तोंड. डावा खांब वर सहा सूत आत. दोष. काढायचा.'

तो ते पान उघडं धरून उभा राहिला. दोष. त्या शब्दाखाली त्याने रेघसुद्धा मारली होती, पट्टी लावून.

"सांगा, काका. किती?"

"माप नको. तुझी चेन-पुली दे."

"कशाला?"

"हा खांब आत घ्यायचाय. सहा सूत."

वेल्डर आधी हसला, मग त्याचा चेहरा बघून थांबला. "डोकं फिरलंय का तुमचं? सरळ केलेली गाडी वाकडी करणार? उद्या मेळावा आहे! रंग फुटेल."

"फुटू दे."

त्याने चाकांना ओंडके लावले. साखळीचं एक टोक डाव्या खांबाला, दुसरं पलीकडच्या भिंतीतल्या कडीला. उजव्या खांबाला लाकडी टेकू. पुली ओढली. पत्रा आधी नुसता कुरकुरला, मग कोपऱ्यात तडतड आवाज आला आणि हिरव्या रंगाला उभी चीर गेली. आतला राखी प्रायमर दिसायला लागला. त्या कोपऱ्यावर त्याने अकरा हात रंग दिला होता. पण तो थांबला नाही. पत्रा मोठा हट्टी. साखळी सोडली की मागे जायचा. ओढायचं, सोडायचं, मोजायचं. चार सूत. पाच. पुन्हा ओढलं, जरा जोरात ओढलं गेलं, सोडलं आणि मोजलं. साडेसहा.

अर्धं सूत जास्त. जन्मात त्याने अर्धं सूत असं सोडलं नव्हतं. बाहेर अंधारून येत होतं आणि दोन्ही खांदे भरून आले होते. त्याने टेप खिशात टाकला. पेटीच्या तळातून लाकडी मुठीची जुनी कानस काढली, फडक्याने पुसली आणि सीटवर ठेवली.

रविवारी सकाळी गल्लीने हात हलवून गाडीला निरोप दिला. चौकात मैदानाकडे उजवीकडे वळायचं होतं. मोजपट्टी डावीकडे वळला. अकरा किलोमीटर आणि तीनशे मीटर. शेवटच्या वळणावर पाय आपोआप ब्रेकवर गेला. "चल गं," तो गाडीला म्हणाला, आणि वळला.

धाकट्याच्या दारासमोर त्याने गाडी उलटी लावली, हौद्याचं तोंड दाराकडे करून. हॉर्न वाजवला नाही. इंजिनचा आवाज पुरेसा होता. तो आवाज धाकट्याने झोपेतही ओळखला असता. तो बनियनवरच बाहेर आला. आधी भावाकडे बघितलं, मग डाव्या खांबाकडे. जवळ जाऊन फुटलेल्या रंगावर तळहात ठेवला.

"हे काय केलंस?"

"आत घेतला. सहा सूत घ्यायचा होता, साडेसहा झाला."

"मेळावा?"

"असू दे मेळावा." मोजपट्टी गाडीतून उतरला. वाटेत घोकून ठेवलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं. "आणि दोर सुटला नव्हता."

"कुठला दोर?"

"आरशाचा. गतिरोधकावर मी गाडी जोरात घातली, त्यात फुटला. उतरल्या उतरल्या मी तुझी गाठ बघितली होती. होती तशी होती. बघूनसुद्धा तसं बोललो. सगळ्यांच्या देखत."

भावजय दारात आली होती, तिने पदर तोंडाला लावला.

"बावीस वर्षं ठाऊक होतं तुला?" धाकट्याने विचारलं.

"हो."

"आणि बोलला नाहीस."

"लाज वाटली रे. मग रोज जास्तच वाटत गेली."

धाकटा वळला आणि घरात गेला. मोजपट्टी रस्त्यावर उभा राहिला. आता दार लागेल, असं त्याला वाटलं. लागलं तर लागो, त्याचंही बरोबर होतं. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, कपाटासारखं जड काहीतरी. मग धाकटा बाहेर आला. खांद्यावर फाळका होता. गेला होता तसाच.

खिट्ट्या बसल्या. फाळका उभा केला. उजवी कडी लागली. डावा कोपरा खांबाला घासला आणि अडला.

"अडतोय," धाकटा म्हणाला.

"अर्धं सूत."

"कानस आणलीस?"

मोजपट्टीने सीटवरून कानस काढून दिली. धाकट्याने ती उलटसुलट करून बघितली, मुठीवरून अंगठा फिरवला. "तीच?"

"तीच. एकच आहे."

खिट्ट्या पुन्हा काढून धाकटा पायरीवर बसला. फाळका गुडघ्यांवर आडवा घेतला आणि घासायला लागला. जुन्या पत्र्याचा करकर आवाज गल्लीभर गेला. भावजय चहा ठेवायला आत गेली. मोजपट्टी भावाशेजारी पायरीवर टेकला. किती अंतर सोडलं ते त्याने बघितलं नाही.

"सात," धाकटा मोजत होता, मान खाली घालून. "आठ. नऊ. तेरा. चौदा."

मोजपट्टीने ऐकलं. तो समोर गाडीकडे बघत राहिला.

"वीस," धाकट्याने कानस पुढे केली. "मोजलेस ना?"

"मोजले," मोजपट्टी म्हणाला आणि कानस हातात घेतली. "बरोबर आहेत."